कांदा लंकेला जाऊन आला, आता आम्ही दोघी बहिणी

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. हसा, पण रेडिओ बंद करू नका. आज आपण बोलणार आहोत परदेशी फिरायला जाण्याबद्दल. नोकरीसाठी नाही, नुसतं फिरायला, आणि तेही सख्ख्या बहिणीबरोबर.

आपल्या नाशिक जिल्ह्यातून परदेशी काय काय जातं? द्राक्षं जातात. नेदरलँड्सला जातात, इंग्लंडला जातात. कांदा जातो. लासलगाव, पिंपळगाव, येवल्याच्या बाजारातला कांदा बांगलादेशला आणि मुंबईच्या बंदरातून आखातात, मलेशियाला आणि श्रीलंकेला जातो. हा कांदा निवडतं कोण? चाळीत बसून मोठा वेगळा, गोलटी वेगळी, सडका बाजूला कोण काढतं? आपणच. म्हणजे आपल्या हातातून गेलेली वस्तू लंका बघून आली आणि आपण मात्र मनमाडच्या पुढे गेलो नाही.

आपल्या गावातल्या कोणी बाई परदेशी गेल्याच नाहीत असं नाही. लेक किंवा सून अमेरिकेत बाळंत झाली म्हणून सहा महिने जाऊन आलेल्या आया आहेत. त्यांना विचारा काय पाहिलं. सांगतील, स्वयंपाकघर पाहिलं, बाळाची लंगोटी पाहिली आणि खिडकीतून बर्फ पाहिला. काही जणी आखातात घरकामाला गेल्या. म्हणजे बाई परदेशी जाते ती कामाला. तिने नुसतं बघायला जावं, असं कोणाच्या मनात येत नाही, तिच्या स्वतःच्याही येत नाही. आमच्या आलं. म्हणून आज हे बोलणं.

आम्ही दोघी बहिणी. थोरली येवला तालुक्यात दिलेली, धाकटी दिंडोरी तालुक्यात. धाकटी म्हणजे आत्ता तुमच्याशी बोलतेय ती, बचत गटांची सहयोगिनी. थोरली सातवीपर्यंत शिकलेली, घरची शेती सांभाळून पैठणीच्या मागासाठी कांड्या भरते, दोन शेळ्या पाळते. आमच्या भेटी कधी होतात? भाऊबीजेला, कोणाच्या लग्नात आणि कोणाच्या दहाव्याला. लग्नात भेटलो की ती पोळ्या लाटत असते, आम्ही वाढत असतो. रात्री पाठ टेकली की दोन वाक्यं बोलतो आणि झोप लागते. हिशेब केला, तर गेल्या पंधरा वर्षांत आम्ही दोघी काम न करता सलग एक दिवससुद्धा एकत्र नव्हतो. तिला साखरेचा त्रास सुरू झालाय हे आम्हाला दुसऱ्याकडून कळलं. तेव्हा ठरलं, की आता एकदा लांब जायचं. इतकं लांब, की मधेच कोणी बोलावून घेणार नाही.

पहिला प्रश्न होता, कुठे? थोरली म्हणाली, नेपाळ. पशुपतिनाथ आहे, घरचे अडवणार नाहीत. नेपाळ सोपं आहे हे खरं. भारतीय माणसाला तिथे व्हिसा लागत नाही आणि पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. मात्र ध्यानात ठेवा, मोठ्या माणसाला नुसतं आधार कार्ड चालत नाही. ते फक्त १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना चालतं. आधार घेऊन निघालात तर अडकाल.

पण आमच्या दोघींच्या मनात दुसरंच होतं. आपलं लहानपण पंचवटीच्या गोष्टींवर गेलं. सीतागुंफेत वाकून जायचं, बाहेर आलं की आजी सांगायची, इथूनच नेलं हो सीतामाईला. कुठे नेलं? लंकेला. मग ती लंका कशी असेल, तिथे समुद्र कोणत्या रंगाचा असेल, हे आम्ही दोघी गोधडीत शिरून बोलायचो. सीतामाईला नेताना कोणी विचारलं नव्हतं. आपण आपल्या मनाने जाऊ आणि ठरलेल्या दिवशी परत येऊ. म्हणून श्रीलंका ठरली.

दुसरीही कारणं होती, हिशेबाची. मुंबईहून कोलंबोला विमान अडीच-पावणेतीन तासांत जातं. तिथलं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकच, त्यामुळे घरी फोन करताना वेळेचा गोंधळ नाही. जेवण भाताचं आणि नारळाचं. भाषा तर ऐका. सिंहली भाषेत आकडे मोजतात ते असे: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट. आहे ना ओळखीचं? आणि थोरल्या बहिणीला तिथे म्हणतात अक्का. थोरली हे ऐकून म्हणाली, मग तर माझंच गाव.

हे घरात सांगितल्यावर काय झालं, ते ऐका, कारण तुमच्याही घरात तेच होणार आहे. थोरलीच्या सासूबाई म्हणाल्या, काशीला जा, पंढरीला जा, नुसतं फिरायला कशाला? आता लंकेतही देवळं आहेत. नुवारा एलियाजवळ सीता एलिया म्हणून जागा आहे, तिथे ओढ्याकाठी सीतेचं देऊळ आहे आणि लोक मानतात की अशोकवन तिथेच होतं. ते सांगितलं असतं तर वाद लगेच मिटला असता. आम्ही त्या देवळात जाणार आहोतच. पण आम्ही ठरवलं, की देवाच्या मागे लपायचं नाही. थोरलीने सासूबाईंना नीट सांगितलं, "आत्या, देवाला मी दरवर्षी जाते, पुढेही जाईन. हे मात्र मी आणि माझी बहीण बघायला जातोय. डोंगर, समुद्र, माणसं बघायला." सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "समुद्राचं पाणी बाटलीत घेऊन ये."

मैत्रिणींनो, हे मुद्दाम सांगतो. एकदा का देवाचं, आजारपणाचं किंवा लेकीचं निमित्त काढून बाहेर पडायची सवय लागली, की निमित्त नसताना बाहेर पडता येत नाही. पहिल्याच वेळी खरं सांगावं. वेळ लागतो, पण पुढच्या वेळी तो वाद नसतो.

आता कागदांकडे येऊ. बाईचा प्रवास अडतो तो बहुतेक वेळा इथेच, पैशाचं नंतर.

पासपोर्ट काढायला घेतला तेव्हा थोरलीचे कागद जमिनीवर मांडले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि जन्मतारीख १ जून. आपल्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच तारीख लिहिली. आधारवर सासरचं नाव आणि तारीख १ जानेवारी. पॅन कार्डावर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. बँकेच्या पासबुकावर नवऱ्याचं नाव गायब. एकच बाई, पण कागदावर चार बायका.

यावर उपाय असा. आधी एक नाव, एक स्पेलिंग आणि एक जन्मतारीख ठरवा. ज्या कागदात बदल करणं सर्वांत अवघड, तो धरा आणि बाकीचे त्याला जुळवून घ्या. आम्ही दाखल्यावरची जन्मतारीख धरली. मग आधार दुरुस्त केलं. लक्षात ठेवा, आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईत अर्ज भरू नका, भरणाऱ्याच्या पाठीशी उभं राहून प्रत्येक अक्षर वाचा. नंतर पॅन, मग बँक. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला कामी येतो. पासपोर्टसाठी तो सक्तीचा नाही, पण आधार-पॅनच्या दुरुस्तीला त्याचा मोठा आधार होतो. गावात विवाहाची नोंद ग्रामपंचायतीत होते. या सगळ्याला आम्हाला पाच महिने लागले. तेव्हा तिकीट आधी आणि कागद नंतर, असं कधीही करू नका.

पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, सरकारी संकेतस्थळावर: पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन. सारख्याच नावाची खोटी संकेतस्थळं आहेत, ती जास्त पैसे घेतात. ३६ पानांच्या, १० वर्षांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तात्काळला आणखी २,००० पडतात, पण तीन महिने हातात असतील तर तात्काळची गरज नाही. अर्ज भरल्यावर तारीख मिळते, त्या दिवशी मूळ कागद घेऊन नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं. पत्त्यासाठी आधार चालतं. जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला, पॅन, मतदार ओळखपत्र असं काही चालतं. नंतर पोलिसांची चौकशी होते. नवऱ्याची सही किंवा परवानगी कुठेही लागत नाही. हे वाक्य पुन्हा सांगतो: नवऱ्याची परवानगी लागत नाही. आमच्या दोघींच्या पासपोर्टची फी भावाने भाऊबीजेला घातलेल्या ओवाळणीतून भरली. साडीपेक्षा ती ओवाळणी जास्त दिवस टिकेल, दहा वर्षं.

थोरलीच्या पासपोर्टवर आणखी एक गोष्ट आली, तीही समजून घ्या. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का येतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागत नाही. ईसीआर म्हणजे काय? आपल्या सरकारने १८ देशांची यादी केली आहे. त्यात सौदी, कुवेत, ओमान, अमिराती असे आखाती देश आहेत, तसेच मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशियाही आहेत. या देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून आधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ही अट कामाला जाणाऱ्यांना आहे, फिरायला जाणाऱ्यांना नाही. तरी त्या देशांत फिरायला जाताना परतीचं तिकीट आणि हॉटेलचे कागद हाताशी असावेत, विचारणा होऊ शकते. श्रीलंका या यादीत नाहीच. तेव्हा सातवी शिकलेली बाई फिरायला परदेशी जाऊ शकत नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

श्रीलंकेसाठी प्रवासाची परवानगी ऑनलाइन काढायची असते, तिला ईटीए म्हणतात. तिची फी आणि नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या महिनाभर आधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहायचं. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी. आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे.

आता पैसे. आमचा पहिला नियम, कर्ज नाही. गटाचं अंतर्गत कर्ज बियाण्याला आहे, शाळेच्या फीला आहे, दवाखान्याला आहे. ते फिरायला काढायचं नाही, असं आम्हीच इतर गटांना सांगतो, तर आम्ही कसं काढणार? म्हणून दोघींनी आपापल्या नावावर बँकेत आवर्ती ठेव उघडली. महिना २,००० रुपये, ३६ महिने. झाले ७२,००० रुपये, व्याज वेगळं. दोन हजार कुठून आणायचे? थोरलीने कांड्यांची मजुरी आणि शेळीच्या पिल्लांचे पैसे लावले. आम्ही मानधनातून आणि शिवणकामातून. काही महिने हात आखडला, तेव्हा एकीने दुसरीचा हप्ता भरला आणि तो वहीत लिहिला. सख्खी बहीण असली तरी लिहिला. गटात जसं लिहितो तसंच. पैशाचं तोंडी राहिलं की बहिणी दुरावतात, हे आपण सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलंय.

दाजी म्हणाले, "एवढ्या पैशात एक एकर ठिबक झालं असतं." खोटं नाही ते. थोरलीने वाद घातला नाही. तिने वही पुढे ठेवली. त्यात गेल्या तीन वर्षांत तिने घरात दिलेले पैसे एका बाजूला होते: खत, मुलाचं हॉस्टेल, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. दुसऱ्या बाजूला हे महिन्याचे दोन हजार. ती एवढंच म्हणाली, "ते सगळं दिल्यावर उरलेले हे आहेत." दाजी अजून पूर्ण राजी नाहीत. पण पासपोर्टसाठी चौकशीला पोलीस आले तेव्हा त्यांनीच खुर्ची टाकली आणि चहा केला. आम्ही तेवढ्यावर खूश आहोत.

हिशेब असा मांडलाय, एका माणशी, सहा रात्रींचा. विमानाचं जाऊन-येऊन तिकीट २३,०००. राहणं, दोघींत एक खोली, १२,०००. गाडी आणि चालक, अर्धा वाटा, १४,०००. जेवण ६,०००. प्रवेशाची तिकिटं ५,०००. ईटीए, विमा आणि मुंबईपर्यंतचा प्रवास ३,५००. अडीअडचणीला ८,५००. एकूण ७२,०००. हा आमचा अंदाज आहे, तुमच्या वेळी भाव वेगळे असतील. पण अडीअडचणीचा आकडा शून्य ठेवू नका. व्याजाचे जे येतील त्यातून घरच्यांना काही आणायचं. चहाच आणू बहुतेक.

केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या मराठी माणसांनी उभ्या केलेल्या सहल कंपन्याही आहेत, बायकांच्या वेगळ्या सहली निघतात. ज्यांना सोबत हवी त्यांनी तसं जावं, त्यात कमीपणा नाही. मात्र परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस नावाचा कर आधीच घेतात. तो बुडत नाही. पॅन कार्ड तुमच्या नावाचं दिलं असेल आणि तुम्ही विवरणपत्र भरलं, तर तो तुमच्या कराच्या हिशेबात धरला जातो आणि जास्तीचा परत मिळतो. म्हणून पॅन नवऱ्याचं नाही, स्वतःचं द्या. परदेशी पैसे घ्यायचे ते रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या दुकानातून किंवा बँकेतून, पावती घेऊन. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत आपलं यूपीआय सुरू झालंय. सगळीकडे चालेल असं नाही, म्हणून थोडी रोकड हवीच. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर आधी चालू करून घ्यावा लागतो.

जायचं कधी? श्रीलंकेत दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येकडे, म्हणजे कोलंबोकडे आणि डोंगरात पाऊस. डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्वेकडे पाऊस. बहुतेक लोक डिसेंबर ते मार्च जातात. पण तेव्हा आपल्याकडे काय असतं? उन्हाळ कांद्याची लागवड, मग द्राक्षाची काढणी. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग कांदा चाळीत भरणं, जूनला पेरण्या. ऑक्टोबरात गोडी छाटणी. आमचं कॅलेंडर भिंतीवर नाही, बागेत असतं. सगळं धुंडाळून एक फट सापडली: आषाढी एकादशी झाली, मक्याची पहिली निंदणी उरकली आणि राखी अजून यायची आहे, ते दिवस. तेव्हा लंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, त्रिंकोमालीला, समुद्र शांत असतो. डोंगरात पाऊस असेल. असू दे. इगतपुरीचा पाऊस पाहिलेल्या बायकांना पावसाची कसली भीती? फक्त डोंगरातली रेल्वे दरड पडली की बंद होते, ती चालू आहे का हे आधी विचारायचं. आणि दर पौर्णिमेला तिथे सुट्टी असते, त्याला पोया म्हणतात. कॅन्डीची मोठी मिरवणूकही जुलै-ऑगस्टमध्ये असते, त्या दिवसांत खोल्या महाग होतात. तारखा पाहून घ्यायच्या.

बघायचं काय? पहिल्यांदा सिगिरिया. पाचव्या शतकातल्या राजाने उभ्या खडकावर बांधलेला महाल. वर जायला सुमारे १,२०० पायऱ्या. वणीच्या गडाला पाचशेच्या आसपास, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त, आणि इथे ट्रॉली नाही. थोरलीचे गुडघे कुरकुरतात. तेव्हा आत्ताच ठरलंय, ती जमेल तिथपर्यंत येईल आणि खाली बागेत बसेल, धाकटी वर जाऊन येईल. दोघींपैकी कोणी रुसायचं नाही. सार्क देशांच्या लोकांना अशा काही ठिकाणी तिकिटात सवलत असते, पासपोर्ट दाखवून मागायची.

मग दंबुल्लाची लेणी. आपली त्रिरश्मी लेणी, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, तीही दोन हजार वर्षांची आणि बुद्धाचीच. इकडची आणि तिकडची डोळ्यांनी जुळवून पाहायची आहेत. मग कॅन्डी, बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर. येवल्याच्या माणसाला कॅन्डीचं वेगळं महत्त्व आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. पुढे १९५० साली ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते. थोरलीच्या गटातल्या एका मावशीने आत्ताच सांगून ठेवलंय, माझ्या नावाने एक फूल वाहा. देवळांत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, त्यांना तो अपमान वाटतो.

शेवटी नुवारा एलिया, चहाचे मळे आणि सीता एलिया. चहा खुडणाऱ्या बहुतेक बायका तमिळ, त्यांच्या पणजोबा-पणज्यांना इंग्रजांनी दक्षिण भारतातून मजुरीला नेलं होतं. त्यांच्याशी बोलता येईल का माहीत नाही. पण पाठीला टोपली अडकवून वाकलेली बाई आणि चाळीत वाकलेली बाई, एवढी ओळख पुरे आहे.

जेवणाचं एक सांगतो, माळकरी बायांसाठी. तिथे नारळाच्या चटणीत आणि भाजीत सुक्या माशाचा चुरा घालतात. दिसत नाही. म्हणून "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, "मासळीचा चुराही नको" असं सांगावं लागतं. आम्ही ते वाक्य इंग्रजीत कागदावर लिहून घेतलंय. थोरलीची साखरेची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवायची, सामानात नाही.

घरची सोय हाही कागदावर उतरवलेला विषय आहे. सात दिवस शेळ्यांचं जावेने बघायचं, बदल्यात तिच्या माहेरच्या जत्रेला थोरलीने तिचं घर सांभाळायचं. धाकटीच्या घरी नवरा आणि मुलगा आलटून पालटून स्वयंपाक करतील. तीन महिन्यांपासून रविवारी सराव चालू आहे. भाकरी अजून नकाशासारखी होते, पण खाता येते. भाऊ म्हणाला होता, "दोघीच कशा जाल, मी येतो." त्याला प्रेमाने सांगितलं, "तू विमानतळापर्यंत ये." आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय, तेव्हा विमान कुठून सुटतं हे तिकिटावर नीट वाचायचं आणि तीन तास आधी पोहोचायचं. कसारा घाटात गाडी अडकली तर, म्हणून आणखी दोन तास जास्तीचे धरायचे.

आणि सावधगिरी. खरे दागिने घरी, गळ्यात साधी काळी पोत. पासपोर्टच्या दोन-दोन प्रती, एक बहिणीच्या पिशवीत, एक घरी. कोलंबोतल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा पत्ता आणि नंबर वहीत लिहिलेला. विमानतळावर अनोळखी माणसाचं पुडकं हातात घ्यायचं नाही, कितीही रडला तरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: "फिरायच्या व्हिसावर चला, तिथे काम लावून देतो," असं सांगणारा माणूस दारात आला तर दार लावून घ्या. फिरायच्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. असा माणूस पासपोर्ट काढून घेतो आणि बाई अडकते. पासपोर्ट आपल्याच पेटीत, किल्ली आपल्याच कमरेला.

आमची ठेव येत्या जूनमध्ये पूर्ण होईल. कदाचित पाऊस जास्त होईल, कदाचित कोणी आजारी पडेल आणि तारीख पुढे जाईल. तरीही तीन गोष्टी आमच्याकडून आता कोणी काढून घेऊ शकत नाही. थोरलीचं नाव सगळ्या कागदांवर एकच आहे. तिच्या एकटीच्या नावावर ७२,००० रुपये आहेत. आणि घरात मोठ्याने सांगून घेतलेले सात दिवस आहेत. या तीन गोष्टी दवाखान्यात लागतात, वारसाच्या नोंदीला लागतात, बँकेच्या कर्जाला लागतात. लंका त्यांच्यासाठी एक निमित्त झाली म्हणा.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या मासिक बैठकीला प्रत्येकीने आपलं आधार, पॅन, पासबुक आणि शाळेचा दाखला घेऊन या. गोल करून बसा, एकमेकींचे कागद वाचा. नाव, स्पेलिंग, जन्मतारीख कुठे जुळत नाही ते वहीत लिहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं शेजारणीने वाचावं. आणि मग प्रत्येकीने एक गाव सांगा, जिथे तुम्हाला कोणाचं बाळंतपण, लग्न किंवा नवस नसताना जायचं आहे. दूरचं असो, जवळचं असो. त्यापुढे सोबतीला कोण, तेही लिहा. बहीण असेल तर आजच तिला फोन लावा. कार्यक्रम संपला की लगेच लावा.